मॅचिंग सेंटर टाकताय? टाकाच!

गावात चार मॅचिंग सेंटर आधीच आहेत, पाचवं तुमचं. लातूरच्या गंजगोलाईत असो की परभणीच्या एखाद्या बोळात, दहा बाय बाराचा गाळा पुरे. माल जितका बारीक, तितकं त्यात लपवायला सोपं.

पहिलं काम उजेडाचं. छताला पांढरीफेक एलईडी पट्टी लावा आणि दाराला जाड पडदा, ऊन येतं म्हणून. त्या उजेडात रामा आणि मोरपंखी, आमसुली आणि वांगी सख्खे भाऊ दिसतात. बाई पैठणीच्या काठाला ब्लाउजपीस लावून "हाच" म्हणतील. कात्री चालली की तुम्ही सुटलात. मंगल कार्यालयाच्या अंगणात दोन्ही रंग वेगळे निघाले, तर दोष उन्हाचा. कुणी कापड घेऊन दाराबाहेर जाऊ लागलंच, तर लाजवा: "अहो मावशी, लग्नात एवढं निरखून कोण बघायलंय?"

आता फॉल. कॉटनचा फॉल पाण्यात आटतो, सिंथेटिक साडी आटत नाही. न भिजवता लावला, तर पहिल्याच धुण्यात साडीची खालची कड चुणीदार होते आणि निऱ्या घोट्याच्या वर चढतात. "आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच लावा" एवढं वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. उलट पिको-फॉलचं मशीन दुकानातच मांडा आणि पाटी लावा: 'अर्ध्या तासात मिळेल'. अर्ध्या तासात फॉल भिजून वाळत नाही, हे गणित गर्दीत कोणी मांडत नाही. अस्तराचंही तेच. कॉटनचं अस्तर न आटवता शिवलं की ब्लाउज धुतल्यावर काखेत दाटतो. तक्रार आलीच तर वरून खालपर्यंत एकदा बघा आणि विचारा, "वैनी, तब्येत सुधारली वाटतं?" पुन्हा येणार नाहीत.

इलास्टिक मोजायचीही कला आहे. लोखंडी मीटरपट्टीवर एक टोक अंगठ्याने दाबायचं, दुसरं हसत हसत ओढायचं. 80 सेंटीमीटरचं मीटरभर होतं. गिऱ्हाइकाचं लक्ष तुमच्या हसण्याकडे, तुमचं पट्टीकडे. उरलेली गुंडाळी दारात उन्हाला टांगा. मराठवाड्याच्या मे महिन्यात आतलं रबर असं वाळतं, की लहान पोराची चड्डी पोळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

हुक लोखंडीच ठेवा, वर पितळेचा मुलामा असलेले. घाम लागला की गंजतात आणि पाठीवर तांबडे ठिपके उमटतात. एकच जपा: काउंटरवर चुंबक ठेवू नका. लोखंड त्याला चिकटतं, पितळ चिकटत नाही, एवढं टेलर लोकांना कळतं.

बटणाची रुंदी 'लाइन'मध्ये मोजतात. 40 लाइन म्हणजे एक इंच. शर्टाला 18 लाइनचं मागितलं आणि तुमच्याकडे 20 चंच असलं, तर द्या खुशाल. काज आधीच पाडलेलं असतं, बटण त्यात अडकतं, बोलणी टेलर खातो. ग्रोस म्हणजे 144 नग. पाकिटात 140 भरले तरी मोजत बसायला वेळ आहे कुणाला?

दोऱ्याची जुनी रिळं पुढे मांडा. दोन हातांत धरून झटका दिला की तटकन तुटतात, म्हणून झटका गिऱ्हाइकासमोर देऊ नका.

सुईत मात्र खरी मजा आहे. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा, कारखान्याच्या मशीनचा गोल आणि जरा बारीक. गोल सुई घरच्या मशीनमध्ये सैल बसते, फिरते आणि टाके सोडते. बाई तीनदा तेल घालतील, बॉबिन बदलतील, शेवटी मिस्त्री बोलावतील. तुमच्या पाच रुपयांच्या सुईकडे कुणाचं बोट जाणार नाही. नंबरचीही कटकट नको: 11, 14, 18 ठेवायचेच कशाला? सगळ्यांना 16 द्या. जाड कापडाला ती ठीक चालते. तलम रेशमावर रांगेने भोकं पडतात, पण ती उसवल्यावरच दिसतात.

उधारी टेलरला द्या. तो गिऱ्हाइकाकडे बोट दाखवील, गिऱ्हाईक सोयाबीनच्या भावाकडे. वही भरत जा.

आणि दोन-चार रुपये सुट्टे नसले तर चॉकलेट देऊ नका, ते जुनं झालं. सुई द्या. 16 नंबरचीच.