जातं गेलं, भंगारवाला राहिला

काल रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. आत्या साडेआठला झोपते, त्यामुळे मी घाबरतच उचलला.

"आरं, ह्यात जातं कुठाय?"

मागची हकीकत थोडक्यात. मी पॉडकास्ट करतो. ऐकणारे २२, त्यातला मी तीन वेळा, वेगवेगळ्या फोनवरून. या भागासाठी वाईजवळच्या गावी जाऊन आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. मग भाचा म्हणाला, "मामा, आवाज फार रॉ वाटतोय." म्हणून महिन्याला आठशे रुपये खाणारं एक एआयवालं सॉफ्टवेअर घेतलं. फाईल टाकली, बटण दाबलं, घाईघाईत न ऐकताच आत्याला पाठवली. माझी चूक, मान्य.

"आत्या, त्याला नॉइज रिमूव्हल म्हणतात. नको असलेला आवाज काढून टाकतं ते."

"कुणाला नको?"

"म्हणजे... सॉफ्टवेअरला."

"दळलंय का त्यानं कधी?"

"तसं नाही गं, त्याला फक्त माणसाचा आवाज कळतो."

"मग मी काय नुसती हात हालवीत बसलीय व्हय? पीठ न्हाई, दाणा न्हाई, म्हातारी उगा गळा काढतीया. लोकं म्हणत्याल यड लागलं. आन दोन ओव्यांच्या मधी म्हनं गप बसलीया! आरं, गप न्हवते बसले, दाणं वैरत हुते."

मी विषय बदलायला म्हटलं, "बरं, बाकी कसं झालंय?"

"बाकी भंगारवाला ब्येस आलाय."

इथे माझं पाणी झालं. हेडफोन लावून ऐकलं. तिसऱ्या ओवीच्या मागून टेम्पोवरचा भोंगा येतो: लोखंड, पत्रा, प्लास्टिक, जुनी बॅटरी. रेकॉर्डिंगच्या वेळी तो लांब रस्त्यावर होता, धड ऐकूही येत नव्हता. पण माणसाचा आवाज ना! सॉफ्टवेअरने त्याला हाताला धरून पुढे आणला, न्हाऊमाखू घातलं, खर्ज दिला. आता तो बातम्या देतोय असं वाटतं. आत्या त्याच्या मागे कोरसला. आणि आत्याने जिथे दमून नुसता सुस्कारा सोडलाय, तिथे त्या दीडशहाण्याने इंग्रजीसारखं काहीतरी पुटपुटून ठेवलंय. माझी आत्या, इंग्रजीत!

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, रॉ फाईल ऑडॅसिटीत घ्यायची ना." हे आठशे रुपये जायच्या आधी सांगता आलं असतं. ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतंय. त्यात आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून द्यायचा, तो बघून ते ठरवतं की काय काढायचं. पंख्याची घुरघुर, विजेची गुणगुण असले एका सुरातले आवाज त्यात छान निघतात. विजेची गुणगुण तर ओळखूच येते, आपल्याकडे ५० हर्ट्झवर आणि पुढे त्याच्या पटीत. कुकरची शिट्टी मात्र निघत नाही. हाव सुटून गोंगाट किती कमी करायचा त्याचे डेसिबल वाढवत गेलं की माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलल्यासारखा वाटतो.

अडचण एकच. नुसत्या गोंगाटाचा तुकडा मिळायला माणसं काही सेकंद गप्प बसावी लागतात. मी आत्याला गप्प बसवलं तेव्हा मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आत येऊन म्हणाले, "का रे, गप का सगळे?" दुसऱ्यांदा कोंबडा. तिसऱ्यांदा आत्याच म्हणाली, "झालं का?"

हे सगळं बनवणाऱ्यांच्या घरी काचेच्या दुहेरी खिडक्या असणार. त्यांच्या गल्लीत भोंगा येत नसणार, कुणी दळत नसणार. तिथे बसून त्यांनी ठरवलं, आवाज कोणता आणि कचरा कोणता. वर मासिक वर्गणी. ती बंद करायचं बटण शोधायला काल मला ४० मिनिटं लागली, आणि सापडल्यावर त्याने विचारलं, "खरंच जाताय? आम्हाला वाईट वाटतंय." मला वाटलं नाही.

मूळ फाईल सुदैवाने होती. ऑडॅसिटीत घेऊन फक्त चार्जरची गुणगुण काढली, जात्याला हातही लावला नाही. भंगारवालाही राहिला, पण मागे, आपल्या जागी. आज सकाळी आत्याला पाठवली आणि फोन केला.

"आलं का जातं?"

"आलं."

"मग राग गेला ना?"

"राग कसला? मला वाटलं, तुमच्या मशिनीला नकोय तर कशाला अडगळ ठिवायची. मघाशी भंगारवाल्याला इचारलं."

"अगं आत्या! मग?"

"दगड घेत न्हाई म्हणाला."