ते भोक लीक नव्हतं!

राजेहो, डोकं असं तापलंय ना की कुठंतरी ओकल्याशिवाय झोप लागणार नाही. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, तिथं घरी समुद्री माशांची टाकी बसवून राहिलो मी चार महिने झाले, चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, पै-पै जोडून. काच ठीक आली, मीठ ठीक आलं, दोन क्लाऊनफिश पिशवीतून इतका प्रवास करून जिवंत आले. आणि माझा जीव कोणी खाल्ला तर पाइपांनी! पाइप काय म्हणा, "चालून जाते" म्हणणाऱ्या माणसांनी खाल्ला.

सुरुवातच पाहा. हार्डवेअरच्या दुकानात गेलो, म्हटलं भाऊ 1 इंची यूपीव्हीसी पाइप द्या, एल्बो द्या, टँक निपल द्या. (एल्बो म्हणजे वळणाचा जोड, टँक निपल म्हणजे टाकीच्या भोकातून पाइप काढायचा जोड.) त्यानं एल्बो दिले 1 इंची आणि पाइप काढला 32 एमएमचा, शेतात टाकतात तो. म्हटलं हा बसत नाही यात. तर म्हणे, "एकच अस्ते भाऊ, 32 म्हंजे इंचच." अरे कुठून एकच? शेतीचा पाइप मिलिमीटरमध्ये येतो आणि बाहेरून मोजतात, 32 म्हणजे बाहेरून 32. घरातल्या फिटिंगचा 1 इंची पाइप बाहेरून 33.4 भरतो. 1.4 मिलिमीटरचा फरक आहे, शेतात ओलिताला तेवढं गळलं तर जमीन पिऊन घेते, माझ्या घरात टाकीखाली फरशी आहे आणि फरशीवर लाईटचा बोर्ड आहे! हे त्याला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्यानं हसून पाइप कागदात गुंडाळला. दुसरं दुकानच नाही गावात, घेतला.

मग मिस्त्री आला. पाइप एल्बोत खुळखुळ हलतोय हे त्यालाही दिसत होतं. "काई नाई होत दादा, सोल्युशन जास्त लावतो, पक्कं होऊन जाते." सोल्युशन म्हणजे काय पुट्टी आहे का फट भरायला? ते दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकमेकाला चिकटवते, दोन्ही अंगाला अंग लागलेलंच नाही तर चिकटवेल कोणाला? दुसऱ्या ठिकाणी त्यानं एल्बो सोडून पाइपच जाळावर गरम केला आणि दुसऱ्या पाइपावर ठोकून बसवला, जसं बोअरच्या लाईनला करतात तसं. टँक निपलला सुतळी गुंडाळून वरून सफेदा फासला, मी रबरी वॉशर हातात घेऊन उभा आहे समोर. आणि पंपाच्या लाईनला पितळी बॉलव्हॉल लावून ठेवला, कारण प्लास्टिकचा "टिकत नाई". पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात तांबं सुटलं की गोगलगाय, झिंगा, कोरल यातलं काही जगत नाही, एवढ्याशा तांब्यानं मरतात ती. तो व्हॉल मी रात्री स्वतः करवतीनं कापून फेकला, पाण्यात जायच्या आधी.

बरं हे सगळं एकवेळ गिळलं असतं मी. पण ते भोक!

खालच्या टाकीतून, तिला संप म्हणतात, पंप पाणी वर फेकते आणि जास्तीचं पाणी दुसऱ्या पाइपानं खाली येते, असं चक्र चोवीस तास चालते. लाईन गेली की पंप बंद, आणि वरचं पाणी त्याच पंपाच्या पाइपातून उलटं खाली ओढल्या जाते, पेट्रोल काढतो ना नळीनं तसंच. पंपाच्या पाइपाचं वरच्या टाकीतलं तोंड पाण्यात 6 सेंटीमीटर खाली आहे. माझ्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साडेपाच लिटर, म्हणजे 33 लिटर खाली येणार, आणि संपात मोकळी जागा 20 लिटरची. म्हणून पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली पाइपाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं होतं मी, मोजून, ड्रिलनं. पाणी थोडं उतरलं की त्या भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. चेक व्हॉल, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल, त्याच्या भरोशावर राहता येत नाही, त्यात मीठ-चुना बसते आणि एक दिवस तो मिटत नाही. भोक कधी धोका देत नाही, फक्त उघडं राहिलं पाहिजे.

मिस्त्रीनं ते बुजवलं. मी बाहेर गेलतो तेव्हा. एम-सील दाबून, वरून बोट फिरवून एकदम गुळगुळीत.

परवा रात्री लाईन गेली. आमच्याकडे जाते, त्यात नवल नाही, त्यासाठीच तर भोक होतं. पहाटे चारला लाईन आली आणि पंप घर्रर्र करून ओरडायला लागला, हवा ओढत होता, त्या आवाजानं उठलो. पाय खाली ठेवला तर थंड पाणी. बाजूच्या खोलीत दुसऱ्या वेच्याचा कापूस, भाव चढेल म्हणून बाबांनी थांबवून ठेवलेला. ताडपत्रीची एक कड दुमडली होती तिथून पाणी आत शिरलं होतं. 13-14 लिटरच, पण लिटरला 35 ग्रॅम मीठ असते त्यात! आईनं खालचा ओला थर गच्चीवर पसरवलाय दोन दिवसांपासून, खाऱ्या पाण्याचा कापूस धड वाळत नाही, हात लावला की चिकट लागते. बाबा एक शब्द बोलले नाहीत, कापूस मुठीत दाबून पाहिला आणि शेतात निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "पाइपाले भोक होतं दादा, मी बुजवून देल्लं. त्याचे पैसे बी नाई लावले." अरे बाप्पा, विचारायचं तर एकदा! बोट ठेवून विचारायचं की हे काहून आहे. वर्षानुवर्षं पाइप जोडतोय हा माणूस, आणि भोक मुद्दाम पाडलेलं असू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, का मी त्याला पोरगा वाटतो?

आणि वरून गावातले सल्ले. "खारपाणपट्ट्यात राह्यतं ना तू, बोअरचंच पाणी टाक, खारंच तं आहे." खारं म्हणजे समुद्र नाही हो! आपल्या पूर्णा नदीच्या पट्ट्यातलं पाणी वेगळ्याच क्षारांचं, त्यात समुद्राचं मॅग्नेशियम-कॅल्शियमचं माप कुठून येणार? लोकांना ते पाणी पिता येत नाही, ओलिताला नीट चालत नाही, आणि माझ्या माशांना घालायला सांगतात! मी आरओचं पाणी काढून त्यात मीठ तोलून टाकतो, 250 लिटरला साधारण 9 किलो, हे सांगितलं की तोंड फिरवतात.

मासे जिवंत आहेत, बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावून ठेवलेत. पाइप सगळा कापून काढला आज. रविवारी अकोल्याला जातो, व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही भाग मोजायचं माप, खिशात घालून जातो, आणि बाहेरून 33.4 भरल्याशिवाय एक रुपया काढणार नाही, दुकानदार कितीही म्हणो एकच अस्ते.