मोटर अल्टरनेटर फिरवते आणि अल्टरनेटर मोटर चालवतो: हा फुकट विजेचा दावा का खोटा आहे

गेली दोन-तीन वर्षं एक व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो. एक एचपीची मोटर, पट्ट्याने जोडलेलं फ्लायव्हील म्हणजे जड चाक, आणि पुढे अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारं यंत्र. मोटर सुरुवातीला घरच्या विजेवर दोन मिनिटं चालवायची, मग अल्टरनेटरची वीज तिलाच द्यायची आणि प्लग काढून टाकायचा. मजकूर म्हणतो: ‘यंत्र कायम चालतं, वर दहा किलोवॅट वीज उरते. शेतपंप दिवसा चालवा, बिल शून्य. हे ज्ञान भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी दिलं होतं. वीज कंपन्या ते दाबून ठेवतात.’

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या भावकीतल्या एका काकांनी या यंत्रासाठी पंचेचाळीस हजार रुपये मोजले, म्हणून हे लिहायला बसलो. रात्री दोनला थ्री-फेज येते म्हणून अंधारात बांधावरून मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा फुकट विजेचं वचन दिलं, तर तो ऐकणारच. त्याला दोष देता येत नाही.

‘मोटर जितकी वीज घेते त्यापेक्षा जास्त वीज अल्टरनेटर देतो.’

मोटरला १००० वॅट दिले, तर या आकाराच्या बऱ्या मोटरच्या दांड्यावर साधारण ८०० वॅट मिळतात. पट्टा घसरतो, तापतो. तिथे ७६० उरतात. अल्टरनेटरने त्यातले ८० टक्के परत दिले तर हातात येतात जेमतेम ६०० वॅट. हे ६०० पुन्हा मोटरला दिले की पुढच्या फेरीत ३६०, मग २१६. फेऱ्या मी हिशेबासाठी पाडल्या. प्रत्यक्षात सगळं एकाच वेळी घडतं आणि चाक मंदावत थांबतं. उरलेले वॅट कुठे गेले हे पाहायचं असेल तर अर्धा तास चाललेल्या मोटरच्या अंगाला हात लावा. ती उष्णता म्हणजेच गेलेली वीज. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली पडणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून हाच हिशेब मोजला होता. पाणी किती तापतं, हे वजनाने किती काम केलं यावर ठरलेलं असतं. पाठ्यपुस्तकातला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अशा मोजमापांतून आला आहे, कोणाच्या मतातून नाही.

‘फ्लायव्हील ताकद वाढवतं.’

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, कारण यात थोडं खरं आहे. जुन्या ऑइल इंजिनाचं मोठं चाक आपण पाहिलेलं असतं. ते चाक एकदा फिरायला लागलं की थांबवता थांबत नाही, म्हणून त्यात काहीतरी जादा शक्ती आहे असं वाटतं. पण ते चाक टाकीसारखं आहे. टाकीतून एका क्षणाला मोठी धार सोडता येते, पण भरलं त्यापेक्षा जास्त पाणी निघत नाही. इंजिनाचा धक्का चार ठोक्यांत एकदाच येतो. मधल्या तीन ठोक्यांत यंत्र अडू नये म्हणून चाक ती ऊर्जा धरून ठेवतं आणि परत देतं.

आकडे मांडून बघू. १०० किलोचं, दोन फूट व्यासाचं भरीव चाक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतंय. त्यात साठलेली ऊर्जा साधारण ५५ हजार ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप). विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एवढ्या जड चाकात एका युनिटचा पासष्टावा भाग! त्यावर पाच एचपीचा पंप चालवला तर पंधरा सेकंदांत चाक रिकामं. दावा केलेले दहा किलोवॅट घेतले तर साडेपाच सेकंदांत.

आता त्याच चाकावर नऊ वॅटचे दहा एलईडी बल्ब लावा. एकूण ९० वॅट. हिशेबाने दहा मिनिटं, घर्षणाची वजावट केली तरी दोन-एक मिनिटं ते उजळू शकतात. प्लग काढल्यावरही बल्ब चालू असल्याचा व्हिडिओ त्यामुळे खराही असू शकतो. चाकात साठलेली ऊर्जा संपण्याआधी चित्रीकरण थांबतं, एवढंच.

‘लहान पुली लावली की वेग वाढतो, वेगाने वीज वाढते.’

फेरे वाढतात, पण त्याच प्रमाणात दांड्याचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी होतो. सायकलच्या गिअरसारखंच. दोन्हींचा गुणाकार तोच राहतो, उलट पट्ट्यात थोडा घटतो.

‘एकदा फिरायला लागला की अल्टरनेटरला ताकद लागतच नाही.’

रिकामा असताना फार लागत नाही, हे खरं. वीज घेतली की लागते. ट्रॅक्टरवर जनरेटर चालवलेल्यांना हे ठाऊक आहे: लोड पडला की इंजिनाचा आवाज लगेच जड होतो आणि डिझेल जास्त जातं. मुलांना मी खेळण्यातली छोटी मोटर देतो. दांडा बोटांनी फिरवा, सहज फिरतो. मग तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून फिरवा. दांडा बोटांना विरोध करतो. वायरीतून वाहणारा प्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि ते फिरण्याला अडवतं. त्या विरोधावर मात करायला जी मेहनत पडते, तिचीच वीज बनते. वर्गात प्रत्येक वर्षी कोणीतरी मोटर पुन्हा पुन्हा तपासून बघतं, तो क्षण मला फार आवडतो.

पंख्याच्या पात्यांना चुंबकं चिकटवलेले व्हिडिओही याच जातीचे. चुंबक जवळ येताना ओढतं, लांब जाताना तितकंच मागे खेचतं. पूर्ण फेरीची बेरीज शून्य.

‘भास्कराचार्यांनी हे यंत्र बनवलं होतं.’

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. त्यांच्याबद्दलचा आपला अभिमान रास्त आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन खरोखर आहे. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरायचा, तो एका बाजूला बाहेर सरकतो आणि चाक फिरत राहतं, अशी ती कल्पना. पण उतरत्या बाजूला पारा जितका खाली येतो, तितकाच तो चढत्या बाजूने वर न्यावा लागतो. उतरताना मिळालेलं सगळं चढताना खर्च होतं. ऊर्जेचा नियम त्या काळी जगात कुठेच मांडला गेला नव्हता, तेव्हा ही कल्पना करून पाहणं हे कुतूहल होतं. आज त्यांच्या नावावर पावती फाडणं हा त्यांचा अपमान आहे, आणि मला त्याचा राग येतो.

‘कंपन्या आणि सरकार हे दाबतात.’

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. तेव्हा वीज कंपनी नावाची गोष्टच नव्हती. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा हा शोध मानला जाणार नाही. म्हणून ‘पेटंट अर्ज केला आहे’ असा कागद कोणी दाखवला तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. अर्ज कोणीही करू शकतो.

दाबलेलं काय असतं, हे १८१३ मध्ये न्यूयॉर्कला दिसलं. चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस पैसे घेऊन कायम चालणारं यंत्र दाखवत होता. वाफेच्या बोटीमुळे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट फुल्टन यांना यंत्राची गती एकसारखी नाही, हाताने दांडा फिरवल्यासारखी कमी-जास्त होते, असं जाणवलं. भिंतीजवळच्या फळ्या काढल्यावर आतून जाणारा पट्टा सापडला. तो वरच्या खोलीत जात होता आणि तिथे एक म्हातारा बसून दांडा फिरवत होता. आता म्हाताऱ्याच्या जागी यंत्राच्या पायाच्या पेटीत बॅटरी असते.

दिवसा पाणी द्यायचं तर ऊर्जा बाहेरून यावी लागते. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं, पॅनल त्यातला साधारण पाचवा भाग विजेत बदलतं, आणि पाच एचपीच्या पंपाला अंदाजे २५ चौरस मीटर पॅनल पुरतं. राज्याच्या सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. काकांनी आता तो अर्ज भरला आहे.

आणि कोणी हे यंत्र विकायला दारात आलं, तर ते उचलून अंगणाच्या मधोमध लाकडी बाकावर ठेवायला सांगा. पायाची पेटी उघडायला लावा, प्लग काढा, आणि घरातली १००० वॅटची इस्त्री जोडून एक तास शेजारी बसा. काकांच्या यंत्रावर आम्ही ती नंतर जोडली. इस्त्री कोमटही झाली नाही.