आकडे मान्य, पण वळणाचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारची आजची कॅरेरा सगळ्याच बाबतींत सरस असताना मी १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ला झुकतं माप दिलं, तेही निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी.

वेगाबद्दल वादच नाही. शून्यावरून शंभरावर जायला आरएसला ५.८ सेकंद लागतात, २०१९ च्या साध्या कॅरेराला ४.२. सुरक्षिततेबद्दलही नाही. एबीएस नाही, एअरबॅग नाही; पावसात घरच्यांना घेऊन निघायचं तर मी डोळे झाकून नवीच निवडेन.

पण वजन बघा. हलकी आरएस सुमारे ९६० किलोंची, नवी १५०० च्या पुढे. त्यामुळे २१० आणि ३८५ अश्वशक्तींमधलं अंतर टनामागे मोजलं, तर साधारण २१९ आणि २५६ इतकंच उरतं. आरएसचं वजन घटवायला पत्रा पातळ केला, काचा पातळ केल्या, मागच्या सीट काढल्या, दार ओढायला नुसता पट्टा लावला.

आता वळण. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडीचं बूड बाहेर फिरतं. म्हणून ब्रेक आधीच, सरळ रस्त्यावर आटपायचे आणि वळणात पाय ठाम ठेवायचा. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पुढची चाकं घसरायच्या बेतात आली की स्टिअरिंग हातात हलकं पडतं. हे सगळं बेताच्या वेगातही कळतं. नवीत रुंद टायर, सुधारलेलं सस्पेन्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल तीच चूक पोटात घालतात; गाडीची हद्द कुठे आहे हे कळायला ट्रॅकच गाठावा लागतो. माझं झुकतं माप आहे ते यासाठी.

आणि हे नुसतं स्मरणरंजन असतं, तर पोर्शेने काय केलं असतं? २०१३ ची जीटी३ (९११ चंच ट्रॅककडे झुकलेलं रूप) फक्त पीडीके या आपोआप गिअर बदलणाऱ्या, दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये आली. हातापेक्षा पीडीके झपाट्याने गिअर बदलतो, तरी २०१६ ची ९११ आर आणि २०२३ ची १३८० किलोंची एस/टी या दोन्ही फक्त मॅन्युअल निघाल्या.

आरएसची तुलना एस/टीशीच करा, ही तुमची सूचना मला पटते. रुंदी मात्र तिथेही आड येईल. आरएस १६५२ मिलिमीटर, आजची ९११ किमान १८५२. आल्प्सच्या घाटात समोरून बस आली की हे २० सेंटीमीटर फार मोठे असतात.