पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करायला किती छळाल?

शनिवारी दुपारी दोनला बसलो, उठलो तेव्हा अमळनेरात दिवे लागले होते. काम काय, तर ताईचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करायचा. एवढंच!

लॅपटॉप लावला की निळी स्क्रीन, रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन. दुकानवाल्याने झाकण उघडून धड बघितलंही नाही. "विंडोज मारावी लागेल, डेटा जाईल." अरे, असा कसा जाईल? त्यात वडिलांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो आहेत, ताईच्या नोकरीची कागदपत्रं आहेत. हार्डडिस्क शाबूत असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकटची लिनक्स सिस्टीम) चालवायचा, काहीही इन्स्टॉल न करता फाइली बाहेर काढायच्या. मी आधी दोनदा केलंय हे. पण ग्राहकाला हे सांगायला यांच्या जिवावर येतं.

आता त्यासाठी बूट मेनू, म्हणजे लॅपटॉप कशावरून चालू करायचा ते निवडायची यादी, उघडायला हवी. ती उघडायचं बटण कुणाचं एफ 12, कुणाचं एफ 9, कुणाचं एस्केप. इतकी वर्षं झाली, सगळ्या कंपन्यांना मिळून एक बटण ठरवता येत नाही? मी एफ 12 दाबतोय, फंक्शनसकट दाबतोय, कंपनीचा लोगो दिसायच्या आधीपासून दाबतोय, काही नाही. शेवटी एफ 2 ने सेटिंगमध्ये शिरलो तर तिथे लिहिलेलं: एफ 12 बूट मेनू, डिसेबल्ड. कारखान्यातूनच बंद! पैसे आम्ही मोजायचे आणि दाराला कडी यांनी घालायची.

कडी काढली. पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकला, जीव भांड्यात पडला, आणि स्क्रीनवर एक ओळ: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन. बस्स, मशीन बंद. काय चुकलं, काय करायचं, एक अक्षर नाही. कारण मी नंतर मोबाइलवर शोधून काढलं. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाचा पहारेकरी, जुन्या लिनक्सचे बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) नाकारतो, आणि माझ्या पेनड्राइव्हमधला उबुंटू जुना. मग नवा उतरवा? तो सहा जीबीच्या आसपास, माझा रोजचा डेटा दीड जीबी. त्यात लाइट गेलेली, कूलर बंद, मे महिन्याचं ऊन, बोटांचा घाम कीबोर्डवर. आई दारातून तिसऱ्यांदा म्हणतेय, "आते तरी जेवाले चाल."

म्हटलं, सिक्युअर बूटच बंद करू. तर तो पर्याय करडा, हातच लागू देईना! आधी सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे या सेटिंगलाच पासवर्ड, ठेवा, मगच तो बदलता येणार. हे त्या स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नाही. माणसाने हे स्वप्नात बघून यायचं का?

ठेवला पासवर्ड. केलं बंद. अखेर उबुंटू चालू झाला. डिस्कवर क्लिक केलं, तर कुलूप. 48 आकडी रिकव्हरी की मागतोय. ताईने आयुष्यात कधी डिस्क लॉक केली नाही. विंडोज पहिल्यांदा लावताना ऑनलाइन अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, आपोआप चालू होतं आणि किल्ली त्याच अकाउंटात जाऊन बसते. सुरक्षेसाठी आहे, मान्य. चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर डेटा वाचावा, हेही पटतं. पण ज्याचा लॅपटॉप त्याला ठणकावून सांगा ना, की बाई, तुझ्या डिस्कला कुलूप लावलंय, ही किल्ली कागदावर लिहून ठेव!

ताईला फोन लावला. "कोणत्या ईमेलने चालू केला होतास गं?"

"मी कुठे रे? दुकानातल्या पोराने तिथेच नवीन काढून दिला होता. पासवर्डही त्यानेच टाकला."

मोबाइल नंबर? तोही त्याचाच.

म्हणजे माझ्या वडिलांच्या फोटोंची किल्ली एका दुकानातल्या पोराच्या खिशात, आणि तेच दुकान आम्हाला सांगतंय डेटा जाईल म्हणून! सोमवारी शटर वर जायच्या आधी मी तिथे उभा असणार आहे, लॅपटॉप आणि ताई दोघांना घेऊन.