पाच लाल ठिपके आणि आमचे मामा

परवा आमच्या आजोळच्या ग्रुपवर पुण्याच्या मावसभावानं एक मेसेज ढकलला. 'ऑक्टोपसी : भारताच्या बदनामीचं कारस्थान', खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढं लाल ठिपका, शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. हाच मेसेज मला त्याआधी दोन ठिकाणांहून आला होता, म्हणजे सध्या तो चांगलाच फिरतोय. त्याचा सारांश असा : जेम्स बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगनं भारतद्वेषातून 'ऑक्टोपसी' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात भारतीयांना गारुडी-फकीर दाखवलं. त्यावरचा बाँडचा सिनेमा जगभर आपटला आणि बाँड झालेल्या रॉजर मूरची हकालपट्टी झाली. विमानावरची मारामारी कॉम्प्युटरवर केलेली आहे. बाँडला शेवटी जोकर केला, यावरून दिग्दर्शकाची अक्कल कळते. आणि त्यात काम करणारे कबीर बेदी, टेनिसवाला विजय अमृतराज यांनी पैशांसाठी देश विकला. हा सिनेमा ज्यांना आजही आवडतो ते मनानं गुलाम.

असल्या गोष्टी मी अंगठ्यानं वर सरकवते. पण या मेसेजखाली म्हैसाळच्या मामांचं उत्तर होतं : "खरं असेल बाबा. आम्हाला काय कळतंय." पुढं हात जोडलेले.

आमचे मामा बहात्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी ते म्हैसाळहून एसटीनं मिरज, मिरजेहून सांगली असं करत मॅटिनीला इंग्रजी सिनेमे बघायला जायचे. 'ऑक्टोपसी' त्यांनी तीनदा बघितला. तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळं संवाद त्यांनी स्वतःच रचले आणि तेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, जेवणं झाल्यावर, सतरंजीवर हा सिनेमा एकदा तरी 'लागतो'. मूळ सिनेमा मी कॉलेजात बघितला आणि मामांचाच जास्त चांगला आहे असं माझं मत झालं. त्या माणसानं "आम्हाला काय कळतंय" म्हणावं? तेही या पाच ठिपक्यांपुढं?

तर पुस्तक. ज्यानं हा मेसेज लिहिला त्यानं ते हातात धरलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. माझ्याकडं त्याची एक जुनी प्रत आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेली. फ्लेमिंग वारला १९६४ साली. 'ऑक्टोपसी' ही त्याची दीर्घकथा पुस्तकात आली १९६६ मध्ये, आणि सिनेमा निघाला १९८३ मध्ये. कथा घडते जमैकात. मेजर स्माइद नावाचा एक निवृत्त, दारूत बुडालेला इंग्रज समुद्रकाठी राहतोय. महायुद्ध संपता संपता त्यानं ऑस्ट्रियातल्या डोंगरात नाझींचं सोनं लांबवलंय आणि वाट दाखवणाऱ्या माणसाचा खून केलाय. त्याची चौकशी करायला बाँड येतो, चार गोष्टी बोलतो आणि जातो. बाकी सगळी कथा त्या मेजरची. भारत? औषधालाही नाही. गारुडी नाही, फकीर नाही, महाराजा नाही.

आणि ऑक्टोपसी कोण? खडकाच्या कपारीत राहणारा आठ पायांचा खराखुरा ऑक्टोपस. मेजर त्याला लाडानं त्या नावानं हाक मारतो, खायला घालतो. शेवटी विषारी मासा डसून अर्धमेला झालेला मेजर त्याच्याच तावडीत सापडतो. हे भारतद्वेषाचं पुस्तक! उद्या कुणी म्हणेल, माशांची बदनामी केली.

सिनेमानं यातलं घेतलं किती, तर नायिकेचा बाप. सिनेमात ऑक्टोपसी हे तिचंच नाव. ती बाँडला आपल्या वडिलांची जी हकिकत सांगते, ती म्हणजे हा मेजर. लिलावाचा प्रसंग फ्लेमिंगच्याच दुसऱ्या एका कथेवरून आला. तीही माझ्या प्रतीत आहे आणि तीही लंडनच्या सदबीज लिलावघरात घडते. उदयपूर, खलनायक कमाल खान, त्याचा पैलवान गोबिंदा (म्हणजे कबीर बेदी) ही सगळी भर सिनेमावाल्यांची, लेखक मरून एकोणीस वर्षं झाल्यावरची. मेलेल्या माणसावर किती ओझं टाकायचं याला काही मर्यादा?

आता इथं एक गोष्ट कबूल करायला लागते, जिवावर येतं तरी. सिनेमात दाखवलेला भारत बघताना दातांखाली खडा येतो. एकाच बाजारात खिळ्यांचा बिछाना, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, सगळे जणू बाँडचीच वाट बघत बसलेत. अमृतराज पुंगीवर बाँडची धून वाजवतो. जेवणात मेंढीचं डोकं येतं आणि कमाल खान त्याचा डोळा मिटक्या मारत खातो. उदयपुरात काय, आख्ख्या मिरज तालुक्यातसुद्धा पाहुण्यापुढं बसून असं कुणी जेवत नाही. बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा आपल्या भारतीय साथीदाराच्या हातात कोंबतो आणि यात काही आठवडे करी खा, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. तो संवाद तेव्हाही ओशाळवाणा होता, आजही आहे. वेलीला लोंबकळताना बाँड टारझनसारखा ओरडतो, त्याला तर भारतही जबाबदार नाही. मेसेजवाल्यानं एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ज्या गावाची बदनामी झाली म्हणतोय, त्या उदयपुरातली गच्चीवरची हॉटेलं वर्षानुवर्षं पर्यटकांना संध्याकाळी हाच सिनेमा दाखवत आली. तिथल्या लोकांनी बदनामीचा धंदा बरा करून घेतला म्हणायचा.

'आपटला' या मुद्द्याला दोन ओळी पुरे. खर्च सुमारे पावणेतीन कोटी डॉलर, जगभरची कमाई पावणेएकोणीस कोटींच्या आसपास. त्याच वर्षी शॉन कॉनरी दुसऱ्या निर्मात्याकडून बाँड होऊन परत आला होता, त्या सिनेमापेक्षाही जास्त. आणि हकालपट्टी झालेला रॉजर मूर १९८५ मध्ये पुन्हा बाँड होता. त्याचं वय दिसत होतं हे खरं, शूटिंग चालू असतानाच पंचावन्न पूर्ण झाली होती. मामा म्हणतात, "पळायला लागला की आमचं हेडमास्तरच आठवायचं."

कॉम्प्युटरचं तर हसूच येतं. १९८३! तेव्हा सांगलीत ट्रंक कॉल लावला की लागेपर्यंत माणूस जेवून यायचा. विमानाच्या पाठीवर बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड हे दोघं खरोखर आकाशात लोंबकळत होते. रेल्वेच्या प्रसंगात मूरच्या जागी काम करणारा मार्टिन ग्रेस डब्याला लटकलेला असताना रुळांकाठच्या भिंतीवर आदळला, कमरेचं हाड मोडलं, कित्येक महिने दवाखान्यात होता. सुरुवातीला छोटं जेट हँगरमधून आरपार जातं, त्यात मात्र चलाखी आहे : आतल्या दृश्यासाठी ते दांड्यावर बसवून मोटारीवरून पळवलं होतं. पण ती दांड्याची चलाखी, कॉम्प्युटरची नव्हे.

खरा राग मला चौथ्या मुद्द्याचा आला. जोकर.

हे वाक्य कुणी लंडनमध्ये लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण सांगली जिल्ह्यातल्या घराच्या ग्रुपवर, म्हैसाळच्या माणसापुढं? अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. देवलांची सर्कस तर म्हैसाळचीच, मामांच्या गावची. तिचे किस्से त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेत. सर्कशीतल्या जोकराला झुल्यापासून घोड्यापर्यंत सगळं यावं लागतं, कारण मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर जमायला लागतं. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं.

आता सिनेमा बघा. नावं पडून गेल्यावर पूर्व बर्लिनमध्ये एक जोकर रात्री जीव घेऊन पळतोय. तो ००९, बाँडचाच साथीदार. चाकूफेके जुळे भाऊ त्याच्या पाठीवर आहेत. पाठीत सुरा घेऊन तो ब्रिटिश राजदूताच्या घरात कोसळतो आणि त्याच्या हातातलं रत्नजडित अंडं घरंगळत जातं. शेवटाकडं ऑक्टोपसीची सर्कस पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी तळावर लागलेली आहे. माणूस उडवायच्या तोफेच्या बैठकीत अणुबाँब दडवलाय. तो फुटला की अमेरिकेच्याच हातून अपघात झाला असं जगाला वाटेल, युरोप घाबरून अण्वस्त्रं काढायला लावील आणि रशियन रणगाड्यांना रस्ता मोकळा, असा जनरल ओर्लोव्हचा डाव. बाँडच्या मागं पोलिस, सैनिक सगळे. तळावर घुसायचं तर वेश हवा, आणि हाताला लागतो तो जोकराचा.

मेलेल्या साथीदाराचाच वेश! तोंडाला रंग, नाकावर लाल गोळा, आणि हा रिंगणात उभा राहून सांगतोय, बाँब आहे, लोकांना बाहेर काढा. लोक हसतात. जितका कळवळून सांगेल तितके जास्त हसतात. अमेरिकी जनरलही ऐकत नाही. पाच-सहा सिनेमे ऐटीत मिरवलेल्या माणसाला खरं बोलायच्या वेळी कुणी खरं मानत नाही. मूरनं सगळ्या कारकिर्दीत इतका घाबरलेला चेहरा दुसरीकडं कुठं दाखवला असेल, मला आठवत नाही. इंग्रजी न येणाऱ्या मामांना मॅटिनीत हे पहिल्या फटक्यात कळलं. त्यांच्या शब्दांत : "तोंडाला रंग लागला की खरं बी खोटं हुतंय. माझ्या पुढं बसल्याली हसत हुती, माझ्या पोटात गोळा आलता." मेसेजवाला त्या हसणाऱ्यांतच बसलाय आणि अक्कल दिग्दर्शकाची काढतोय.

राहिला देश विकल्याचा मुद्दा. कबीर बेदी बाँडमध्ये येण्याआधीच १९७६ च्या 'सांदोकान' मालिकेमुळं इटलीत घराघरांत पोचला होता. विजय अमृतराज १९७४ च्या डेव्हिस कप संघात होता, ज्या वर्षी भारतानं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी अंतिम सामना खेळायला नकार दिला आणि चषक सोडून दिला. त्याच अमृतराजला भारत सरकारनं पद्मश्री दिली ती १९८३ मध्ये, हा सिनेमा आला त्याच वर्षी. देश विकणाऱ्याला देशानं पद्मश्री दिली, असं म्हणायचं आहे का, हे मी मावसभावाला ग्रुपवरच विचारलं. त्यानं अंगठा दाखवला.

आणि आवडणारे गुलाम? मामा त्या करीच्या संवादाला हसत नाहीत. त्यांच्या सतरंजीवरच्या सिनेमात तो संवादच नाही, त्या जागी अमृतराज बाँडला म्हणतो, "पैसं ठेव, बायकोला कायतर ने." सिनेमात काय वाईट आहे ते त्यांना ठिपक्यांशिवाय कळलं होतं आणि त्यांनी ते केव्हाच दुरुस्त करून टाकलं होतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी फोन करून त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "त्यो ऑक्टोपस खरंच हाय व्हय पुस्तकात?"

"हाय की मामा."

"बरं. पर पोरी, एक ऱ्हायलं बघ तुझं. विमान उडालंय, बाँड वरनं चिकटलाय, आन् खान गोबिंदाला म्हणतोय, जा भाईर, धर त्याला. तवा गोबिंदा कसा बघतोय? एवढा फासं मुठीत चुरणारा गडी. 'भाईर?' म्हणतोय. ते घाल आधी."