तरंगंबाडीची लुथरन मंडळी इंग्रजांनी उभी केलेली नाही

तमिळनाडूतल्या लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याची शिकवण मानणाऱ्या, ख्रिस्ती समाजाविषयी एक मजकूर मराठीत वारंवार पुढे पाठवला जातो. त्यात तीन विधाने असतात: ही मंडळी (चर्च) इंग्रजांनी राज्याच्या सोयीसाठी उभी केली, ‘लुथरन’ हे तिचे केवळ नाव आहे, त्यामागे वेगळी श्रद्धा नाही, आणि तंजावरच्या सरफोजीराजांना श्वार्ट्झ या मिशनऱ्याने गुप्तपणे बाटवले होते.

पहिले विधान सनावळीपुढेच टिकत नाही. झीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ हे दोन जर्मन मिशनरी तरुण ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले, तेव्हा ते बंदर डॅनिश व्यापारी कंपनीकडे होते आणि त्यांना धाडणारा राजा डेन्मार्कचा चौथा फ्रेडरिक होता. इंग्रजांनी ते गाव विकत घेतले १८४५ मध्ये. तरंगंबाडीतल्या डॅनिश सत्तेचीही मर्जी या मिशनऱ्यांवर नव्हती, कारण तिथल्या डॅनिश अधिकाऱ्यानेच झीगेनबाल्गला सुमारे चार महिने डान्सबोर्ग किल्ल्यात कैदेत ठेवले होते. इंग्रजांशी संबंध आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लंडनच्या एका धर्मप्रसारक संस्थेने या मिशनला पैसा आणि छापखाना पुरवला, आणि श्वार्ट्झ १७७९ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा दूत म्हणून हैदर अलीकडे गेला. परंतु पहिल्या महायुद्धात याच इंग्रज सरकारने, तरंगंबाडीचे काम पुढे चालवणाऱ्या लाइपझिग मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले, स्वीडनच्या मिशनने काम सांभाळले आणि १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्वतंत्रपणे उभे राहिले.

दुसरे विधान मला अधिक खटकते, कारण ते एका समाजाच्या श्रद्धेलाच पोकळ ठरवते. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर देवाच्या कृपेने आणि विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीत व द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, ही लुथरन शिकवण आहे. यांपैकी दुसऱ्या मुद्द्यावर स्वित्झर्लंडच्या सुधारकांशी लुथरचा समेट कधीच झाला नाही. देवाचे वचन ज्याच्या त्याच्या मातृभाषेत पोचले पाहिजे, हा आग्रह तर तरंगंबाडीत रोजच्या व्यवहारात उतरला. झीगेनबाल्गने तमिळ शिकून लुथरची लघु प्रश्नोत्तरी (श्रद्धेची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकवणारे छोटे पुस्तक) त्या भाषेत आणली, १७१४-१५ मध्ये बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला, आणि उपासना तमिळमध्येच होऊ लागली. १७३३ मध्ये आरोन या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार एका भारतीयाच्या हाती येणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि इतर मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केले, तेव्हा तमिळ लुथरन मंडळी त्यात सामील झाली नाही.

या ओळखीची एक दुखरी बाजूही आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या मंडळ्यांमध्ये जातीनुसार वेगळे बसण्याची रीत दीर्घकाळ चालली. १८३३ मध्ये अँग्लिकन बिशप विल्सन यांनी जातिभेद संपवण्याचा आदेश काढला, तेव्हा तो न मानणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे लाइपझिग मिशनच्या लुथरन मंडळीत आले. त्यांना लुथरच्या प्रश्नोत्तरीने नव्हे, तर जातीने तिथे आणले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे दोन शतके ती प्रश्नोत्तरी मुखोद्गत करत आलेल्या बाकीच्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही.

राहिले सरफोजीराजे. दत्तक पिता तुळजाजीराजे यांच्या पश्चात श्वार्ट्झने त्यांना शिकवले आणि दरबारातल्या संघर्षात सांभाळले, हे खरे आहे. राजांची त्याच्यावरची माया इतकी होती की, त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी इंग्लंडचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेले राजे त्यात कोरलेले आहेत आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते. बाटवल्याचा पुरावा म्हणून याच स्मारकाकडे बोट दाखवले जाते. परंतु राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्यांनी १८०३ मध्ये कोरून घेतला, तो बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर.